मोशीची लंडन बस

खंडेनवमीच्या सकाळी रुक्मिणीबाईंचा फोन आला. "मिनल, बसची पाटी चोरीला गेली. माझा ल्योक हॉटेलातल्या कामाच्या पोराला, गोरक्षला, पोलिसात द्यायला निघालाय. तू आत्ताच ये."

मिनल रावेतहून निघाली. चाकणच्या कंपनीत सुटे भाग तपासणं ही तिची नोकरी. जुनी ब्रिटिश डबलडेकर परदेशात कुठल्या शहरात धावली, हे ओळखणं हा तिचा छंद. 'ही बस लंडनचीच' असं तिने सांगावं, म्हणून रुक्मिणीबाईंनी तिला आजच बोलावलं होतं.

ती लाल बस म्हणजे रुक्मिणीबाईंच्या लेकाचं, दादासाहेबांचं, मिसळीचं हॉटेल. लंडनला असताना हिच्या वरच्या मजल्यावर म्हणे एक लॉर्डसाहेब बसायचे, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. रस्सा जितका तिखट, तितके गोष्टीतले लॉर्डसाहेब धिप्पाड होत. अलीकडे ते जिन्यातही मावत नव्हते.

ड्रायव्हरच्या वरच्या काचेवर दादासाहेबांनी 'लंडन' रंगवलं होतं. काचेमागे थांब्यांच्या नावांची काळी कापडी गुंडाळी असायची; तीच बसची मूळ पाटी. आज तिथे रिकामी पेटी होती.

गोरक्षची पिशवी रस्त्यावर उपडी केलेली होती. दोन शर्ट, कंगवा, आईचा फोटो. गिऱ्हाईक बघत होतं.

"रात्री बसमध्ये कोण झोपतं?" मिनलने विचारलं.

"मीच," गोरक्ष खाली मान घालून म्हणाला. "पहाटे झेंडू आणायला गेलो. आलो तर मालकांनी पूजा मांडलेली."

"एरवी कोण मांडतं?"

"मीच."

"अहो, चोराला काय विचारताय?" दादासाहेब म्हणाले.

मिनल बसला वळसा घालून आली. "आजी, दार उजव्या बाजूला कसं?"

"फॉरेनचं समदं उलटंच असतंय, असं दादा म्हनतो."

मिनल गल्ल्याजवळच्या पूजेपाशी थांबली. सुऱ्या, झारे, पाना, तराजू; खाली लाल कापड. त्याखालून काळी किनार डोकावत होती.

"आजी, पूजेत काळं कापड घालतात?"

"न्हाई बाई."

"मग हे उचलू?"

"पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवत नाहीत," दादासाहेब घाईने म्हणाले.

"म्हणूनच ते इथं ठेवलं ना?"

रुक्मिणीबाईंनी लेकाकडे पाहिलं. मग हात जोडून स्वतःच एकेक हत्यार बाजूला केलं. काळी गुंडाळी उलगडली. बेलेम. अल्कांतारा.

"ही लिस्बनची ठिकाणं," मिनल म्हणाली. "इंग्रज आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात. लंडनच्या बसचं दार डावीकडे असतं. ही विलायतेतच बांधली, पण उजवीकडून गाड्या चालणाऱ्या गावासाठी. ते लपवायची गरज गोरक्षला नव्हती. मी आज नावं वाचणार, याची भीती एकाच माणसाला होती. गोरक्ष झेंडू आणायला गेला तेव्हा त्याच माणसाने पूजा मांडली."

दादासाहेबांचे कान लाल झाले. "दलालाने फसवलं मला," ते पुटपुटले. "कळलं तोवर गावभर सांगून झालं होतं."

"लिस्बनची सांगितली असती, तरी लोक मिसळ खायला आले असते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "त्या पोराची पिशवी भर आधी."

दादासाहेब रस्त्यावर उकिडवे बसले. शर्ट झटकून त्यांच्या घड्या घातल्या. फोटोवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली. वर बघायचं धाडस काही झालं नाही.

"राहतोस ना रे?" त्यांनी पिशवीलाच विचारलं.

समोर सिटी बस थांबली. गोरक्षने पिशवी घेतली, रुक्मिणीबाईंच्या पाया पडला आणि डावीकडच्या दाराने आत चढला.

दादासाहेबांनी ते दार बंद होईपर्यंत पाहिलं. मग फडकं भिजवून ते काचेवरचं 'लंडन' पुसायला लागले. ऑइल पेंट होता. निघेना.