करवंदपाड्याची सपाट रेघ

राज्य उमज-मापन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेची एक अख्खी भिंत पडद्याची होती. राज्यातली प्रत्येक सरकारी शाळा त्या भिंतीवर ठिपका होऊन बसली होती. हिरवा ठिपका म्हणजे शाळा शिकवते. पिवळा म्हणजे बरं चाललंय. लाल म्हणजे समायोजन. सरकारी भाषेत शाळा बंद पडत नाही, तिचं समायोजन होतं. माणूस मेला की त्याचं स्थलांतर झालं म्हणावं, तसं.

डॉ. रेवती खंदारे एका लाल ठिपक्यासमोर उभी होती. करवंदपाडा, पहिली ते चौथी, एकशिक्षकी.

"शून्य," ती म्हणाली. "असीम, कमी येईल, पण शून्य कसं येईल? वर्षभरात तिथं एकाही पोराला एकही गोष्ट समजली नाही?"

डॉ. असीम मुल्ला चहा पीत होता. उमजपट्टी दोघांनी मिळून बनवली होती. मेंदूचा भाग तिचा, यंत्राचा त्याचा.

"गुरुजी येत नसतील."

"चौधरी गुरुजी रोज येतात. हजेरी आपलंच यंत्र घेतं."

"मग येऊन झोपत असतील. तुला या एकाच ठिपक्याचं काय पडलंय?"

"आपण नक्की काय मोजतो ते परत सांग. मंत्र्यांना सांगतोस तसं, सोपं करून."

असीम हसला. "मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. नवं काही समजलं की जुना अंदाज मोडतो आणि नवा बसतो. त्या क्षणी लहर उठते, ती उमज-लहर. डोक्यावरची पट्टी ती पकडते. कोण बोलत असताना उठली ते स्वरओळख सांगते आणि लहर त्या माणसाच्या नावावर जमा होते. घोकंपट्टीला लहर नाही, कॉपीला नाही. शेवटची शिफारससुद्धा यंत्रच लिहितं, 'कायम ठेवावे' किंवा 'समायोजन करावे'. माणसाचा हात कुठं लागतच नाही."

"आणि आधीच समजलेलं असेल तर?"

असीमनं कप खाली ठेवला. "तर अंदाज मोडत नाही. लहर नाही."

"म्हणजे शून्याचे अर्थ दोन. एक तर काहीच समजलेलं नाही, नाहीतर सगळं आधीच समजलंय."

"आधी कोण शिकवणार त्यांना? एक तर गुरुजी तिथं."

"एक गुरुजी, एक खोली, चार इयत्ता. चौथीचा भागाकार चालू असताना पहिलीची पोरं कान काढून ठेवतात का? आपण पट्टी फक्त ज्या इयत्तेचा पाठ चाललाय तिच्याच डोक्यावर बांधतो. त्यांची पाळी येईतो तो पाठ त्यांच्या कानावरून तीनदा गेलेला असतो. उरलंसुरलं मोठी पोरं समजावतात." तिनं एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आता ही नदीपलीकडची केंद्रशाळा बघ. अपूर्णांकांचा पाठ, जूनमध्ये लहरी. ऑगस्टमध्ये तीच मुलं, तोच पाठ, तेवढ्याच लहरी. डिसेंबरात परत. दर वेळी विसरतात आणि दर वेळी नव्यानं उमजतं. आपण विसरण्याला बक्षीस देतोय, असीम. आणि करवंदपाड्याची पोरं त्याच शाळेत पाठवतोय."

असीमनं दोन्ही ठिपके आळीपाळीनं बघितले. "पुरावा आण," तो शेवटी म्हणाला. "नियमात एक फेरमापन आहे. सगळ्या पोरांना एकदम पट्ट्या बांध. मूल मुलाला शिकवतंय अशी लहर दाखव, मी स्वतः सूत्र बदलायला लावतो. पण लवकर. विस्तार अधिकारी पगारे आदेश घेऊनच तिकडं निघालेत."

*

मार्च संपत आला होता. गाडी नदीपर्यंतच गेली. पुढचा डोंगर रेवती आणि पगारे पायी चढले.

"तुम्ही मोठी माणसं, मॅडम," पगारे धापा टाकत म्हणाले. "तुमचं यंत्र सांगतं बंद, आम्ही करतो बंद. आता तुम्हीच म्हणता थांबा. आम्ही यंत्राचं ऐकायचं की यंत्र बनवणारीचं?"

शाळा म्हणजे एक खोली आणि पडवी. सतरा मुलं चार रांगांत बसली होती. चौधरी गुरुजींनी पोरांच्या डोक्यांवर पट्ट्या बांधल्या, पहिलीतल्या छबूची सैल झाली म्हणून तिला गाठ मारली. बांधता बांधता त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, नाहीच जमलं तर?"

"केंद्रशाळा."

"मोठी जातील. वसतिगृहात राहतील, रडतील, राहतील." त्यांनी छबूच्या डोक्यावरून हात काढला नाही. "ही नाही जायची. पावसाळ्यात नदी मोठ्या माणसाला उतरू देत नाही. हिची शाळा आज संपली तर संपली."

मापन सुरू झालं. गुरुजींनी भागाकार घेतला. रेवतीच्या हातातल्या यंत्राच्या पाटीवर सतरा रेघा होत्या, सतराही सपाट. पगारे खुर्चीत बसले होते, आणि साहेब आले की पोरांनी करायचं ते पोरं करत होती: हाताची घडी, तोंडावर बोट. वर्षभर एकमेकांच्या पाटीत डोकं घालून बसणारी ही पोरं आज शेजारच्याकडे बघतही नव्हती. ज्यासाठी रेवती डोंगर चढून आली होती ते तिच्या येण्यानंच बंद पडलं होतं.

"गुरुजी, त्यांना एकमेकांशी बोलू द्या."

"बोला रे पोरांनो, बोला."

कोणी बोललं नाही. गुरुजी बोला म्हणतात आणि साहेब समोर बसलेत, म्हणजे यात काहीतरी डाव आहे, एवढं कळायला पट्टी लागत नाही.

"नवं काहीतरी शिकवा. पाचवीचं."

"मॅडम," पगारे बसल्या जागेवरून म्हणाले, "ज्या त्या इयत्तेचा अभ्यासक्रम. नियम तुमचाच आहे."

नियम तिचाच होता. आणि मार्चअखेर चौथीपर्यंतचं या खोलीत नवं असं काही उरलं नव्हतं. वेळ संपली. आकडा आला, शून्य.

"पट्ट्या काढू नका," रेवती म्हणाली. "पाठवणी पूर्ण व्हायची आहे. इथं संदेश सावकाश जातो."

"तोवर मी माझं काम उरकतो." पगारे उठले. आदेश विद्यार्थ्यांसमोर वाचायचा, तसा नियमच होता. "संदर्भीय शासन निर्णयान्वये सदर शाळेचा उमजांक विहित मर्यादेपेक्षा न्यून आढळल्याने, सदर शाळेतील विद्यार्थ्यांचे नजीकच्या केंद्रशाळेत समायोजन करण्यात येत आहे."

माणूस वाईट नव्हता. वाचताना त्यानं पोरांकडे एकदाही बघितलं नाही.

रेघा सपाटच राहिल्या. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या पोरांना त्या वाक्यातलं एक अक्षर समजलं नाही. गुरुजींनी समजावायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ते फळा पुसायला वळले. फळा आधीच कोरा होता.

तेवढ्यात एक रेघ हलली. चौथीतली रविना भोये. तिनं पगाऱ्यांकडे, मग गुरुजींच्या पाठीकडे बघितलं, आणि तिची रेघ ताडकन वर गेली. तोंडावरचं बोट तिनं काढलं. शेजारच्या मुलाच्या कानाशी लागून आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. त्याची रेघ उठली. मग तिसरीच्या रांगेकडे वळली, तिथं जरा वेगळं सांगितलं, हातानं नदी दाखवली. दुसरीच्या पोरांना आणखी सोपं. ज्याला जसं कळेल तसं. साहेब समोर आहेत हे ती विसरली होती. एकामागून एक रेघा उठत गेल्या, आणि प्रत्येक रेघेपाशी स्वरओळखीनं एकच नाव टाकलं.

रेवती बघत राहिली. एवढ्या स्वच्छ लहरी तिनं प्रयोगशाळेतसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

एकच रेघ सपाट राहिली. छबू म्हणत होती, "मग उद्या सुट्टी?"

"सुट्टी नाही," रविना म्हणाली.

"मग शाळा?"

रविनानं छबूची पाटी उचलली, तिच्याच दप्तरात ठेवली, दप्तराचा बंद बांधला आणि ते तिच्या मांडीवर दिलं. "ही पाटी आता घरीच ठेवायची," ती म्हणाली. "इथं परत नाही आणायची."

छबू दप्तर धरून बसली. रेवतीच्या पाटीवर तिची रेघ उठली आणि बाकीच्यांपेक्षा वर गेली.

"पगारे, हे बघा," रेवतीनं आपली पाटी त्यांच्यापुढे धरली. "हाच पुरावा. मूल मुलाला शिकवतंय. सोळाच्या सोळा."

पगाऱ्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाटी बघितली. "दिसतंय, मॅडम. खोटं कशाला बोलू. पण हा पाठ कुठल्या इयत्तेच्या अभ्यासक्रमात आहे?" त्यांनी आदेशाची घडी घातली. "शिवाय आदेश वाचला गेला. वाचला की लागू. तुम्ही सूत्र बदला, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या पाड्याला उपयोग होईल."

गुरुजी एकेक पट्टी सोडवू लागले. छबूची गाठ निघेना. रविनानं ती दातांनी सोडवली.

पाठवणी पूर्ण झाली. माणसाचा हात न लागता निकाल आपोआप उमटला:

शिकवणारी व्यक्ती: रविना भोये. विद्यार्थी सोळा, उमज सोळा.

शिफारस: यांना याच शाळेत कायम ठेवावे.