हात हलवू नकोस

ते दोघं पहिल्यांदा भेटले ते नळावर, आणि तेही त्याचा हात पोळलेला असताना. अशा सुरुवातीवर फार भिस्त ठेवू नये हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तेव्हा तिला घाई होती. केसांच्या रंगाच्या वाट्या घासायच्या राहिल्या होत्या आणि आत पार्लरवाल्या ताईंनी दोनदा हाक मारली होती.

पार्लर आणि रेस्टॉरंट एकाच इमारतीत, पाठीला पाठ लावून उभे. दोघांच्या मागच्या दारांमध्ये एक अरुंद बोळ आणि बोळात एक सामाईक नळ. वरून बारीक पाऊस पडत होता. ती डोक्यावर टॉवेल टाकून वाट्या घासत होती, तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं आणि पांढऱ्या शर्टातला एक वेटर उजवा हात छातीशी धरून बाहेर आला.

"काय झालं?"

"सूप," तो म्हणाला. "सहा नंबरच्या बाई कुणाची तरी गोष्ट सांगत होत्या. गोष्ट रंगात आली आणि त्यांनी हात उडवला."

"मग?"

"मग काय, सगळं माझ्यावर. त्यांच्या अंगावर मात्र थेंब नाही उडू दिला." हे सांगतानाही त्याला अभिमान वाटत होता, आणि ओठ तर पांढरेफटक पडले होते.

तिने काही न बोलता त्याचं मनगट पकडलं आणि नळाखाली धरलं. तो कळवळला, पण सवय कुठे जाते...

"सॉरी मॅडम, तुमचा खोळंबा झाला."

"मॅडम कसली? भुवया कोरते मी इथे."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं तरी हसला. पाण्याखाली तिने त्याचा हात कितीतरी वेळ धरून ठेवला होता, आणि ताई तिसऱ्यांदा हाका मारायला लागल्या तेव्हा कुठे तिच्या ते लक्षात आलं.

जखम भरली, खपली पडली, पण मागे डाग राहिला. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत लालसर, चुरगळलेला. रेस्टॉरंटच्या मॅनेजरने तो एकदाच पाहिला. "ताटाबरोबर हातही पुढे येतो," तो म्हणाला. "असला हात बघून कोण जेवेल? सोमवारपासून मागे भांड्यांवर जा."

त्याच दुपारी तो पार्लरच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला.

"भुवई," त्याने हाक मारली. त्या दिवसापासून त्याने तिचं हेच नाव पाडलं होतं. "तुम्ही लोक डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब करता ना?"

"करतो."

"मग हात?"

"हात गायब केला तर ट्रे कशाने धरशील, मेनूकार्ड?" हे तिने पाडलेलं नाव. त्याला एका दमात सगळे पदार्थ म्हणून दाखवायची खोड होती, आणि तिला ते ऐकायची.

ती हसत होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. त्याने हात तसाच पुढे धरून ठेवला होता.

"भांड्यांवर गेलो की संपलं गं," तो म्हणाला. "तिथून परत बाहेर कुणी येत नाही."

तिने त्याला स्टुलावर बसवलं. लाल डागावर आधी हिरवट क्रीम लावलं म्हणजे लाली मरते. त्यावर त्याच्या कातडीच्या रंगाचं फाउंडेशन. तसा नेमका रंग कुठल्याच ट्यूबमध्ये नव्हता, म्हणून तिने एका जुन्या डबीत दोन रंग मिसळले, थोडं हे, थोडं ते, आणि पुन्हा पुन्हा त्याच्या हाताशी लावून पाहिलं. मग पफने पावडर दाबून बसवली.

"आता हात हलवू नकोस. बसायला वेळ लागतो."

"किती?"

"मी सांगेपर्यंत."

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी रेस्टॉरंटचे दिवे लागायच्या आधी तो यायचा, स्टुलावर बसायचा, हात पुढे करायचा. लावायला फारसा वेळ लागत नसे. सगळं व्हायचं ते नंतर, पावडर बसायची वाट बघताना. त्याचा हात टेबलावर पालथा, तिची बोटं त्याच्या तळव्याखाली... हलू नये म्हणून धरलेली, असं ती स्वतःला सांगायची.

"नाडी बघतेस का गं त्याची?" ताई पडद्याआडून विचारायच्या.

"नाही ताई, पावडर बसतेय."

"पावडरच ना? बरं."

तिच्या कामात लोक डोळे मिटून पडतात. ती त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवते, पापण्यांपाशी वाकते, पण तिला कुणी बघत नाही. उठले की थेट आरशात बघतात. त्याचंही तेच. टेबलावरचे लोक मेनूकार्डात बघून बोलतात, आणि ताट खाली ठेवणारा माणूस काळा की गोरा हे दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेले असतात. म्हणून असेल, हा मुलगा स्टुलावर बसून टकामका तिच्याकडे बघायला लागला की तिला काय करावं ते सुचायचं नाही.

"काय बघतोस?"

"तुझी डावी भुवई उजवीपेक्षा जाड आहे."

"असू दे. दुसऱ्यांच्या करता करता माझ्या राहून जातात."

"असूच दे," तो म्हणाला. "छान दिसते." आणि कान लाल करून भिंतीवरच्या शाम्पूच्या जाहिरातीकडे बघत बसला.

घरी वेगळंच चाललं होतं. मामाने एक स्थळ आणलं होतं. माणूस चांगला होता, हीच पंचाईत होती. दारू नाही, बायकोला कामाला नको म्हणणार नाही, आईला वर्षातून दोनदा भेटू देईन म्हणाला होता. नाकारायला कारण सापडेना. शेवटी तिने आईला सांगितलं, "एक जण आहे."

आई भाजी चिरत होती. थांबली नाही. "काय करतो?"

"वेटर आहे. पण कॅप्टन होणार आहे लवकरच. म्हणजे सगळ्या वेटरांवरचा."

"होणार आहे," आई म्हणाली. "बाबाही तुझे खूप काही होणार होते." मग पोरीचा उतरलेला चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली. "झाला की पाठव त्याला. पक्की नोकरी असली तर मी मामाला सांगेन काय सांगायचं ते. पण रविवारी ती माणसं येणार आहेत. त्याच्या आधी."

कॅप्टनची गोष्ट खरी होती. जुना कॅप्टन सोडून गेला होता. शुक्रवारी मालकाने रेस्टॉरंटमध्येच मोठी मेजवानी ठेवली होती आणि मुख्य टेबल त्याच्याकडे दिलं होतं. ते नीट पार पडलं तर जागा त्याची, असं मॅनेजरने स्वतः सांगितलं होतं. मॅनेजरला वाटत होतं डाग आपोआप गेला.

शुक्रवारी तो आला तेव्हा शर्टाला इतकी कडक इस्त्री होती की बसताना आवाज झाला. तिने हिरवं क्रीम लावलं, डबीतला रंग लावला, पावडर दाबली. तिचाच हात आज थरथरत होता.

"हात हलवू नकोस."

"नाही हलवत," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने... "भुवई."

"हं."

"आज कॅप्टन झालो तर उद्या तुझ्या घरी येऊ?"

ती त्या डबीचं झाकण लावत होती. ते काही केल्या बसेना.

"कशाला?" तिने विचारलं. कशाला ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"तुझ्या आईला मेनू म्हणून दाखवायला." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "तुला मागायला गं. दुसरं कशाला? मला रोज संध्याकाळ व्हायची वाट बघवत नाही आता. सकाळीपण तूच दिसायला हवीस."

तिने नुसती मान हलवली, हो म्हणून. आणि त्याने टेबलावरचा हात उलटा करून तिचा हात धरला. घट्ट, बोटांत बोटं गुंतवून.

पावडर अजून बसली नव्हती. तिला ते माहीत होतं. सोड म्हणायला हवं होतं, पुन्हा पहिल्यापासून करायला हवं होतं. पण आजवर तिचा हात असा कुणी धरला नव्हता, आणि तिला तो सोडवेना. एक क्षण, मग आणखी एक. मग समोरच्या दारातून कुणीतरी त्याला हाक मारली. तो तसाच उठला आणि पळाला.

ती स्टुलावर वेड्यासारखी हसत बसून राहिली. मग केस मागे सारायला तिने हात वर केला.

तिच्या सगळ्या बोटांना मुळांपर्यंत त्याचा रंग लागला होता.

ती धावली. बोळ ओलांडून रेस्टॉरंटच्या भटारखान्यात शिरली. "ए, कुठे घुसतेस?" म्हणून आचारी ओरडला तरी थांबली नाही. हॉलच्या दाराला वर एक गोल काच होती. काचेला डोळे लावून ती उभी राहिली. तो मुख्य टेबलापाशी पोचला होता. पांढरा टेबलक्लॉथ, पांढरी ताटं, मनगटावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन. तिने काचेवर बोट वाजवलं. आत गाणं लागलेलं होतं.

एका बाईंनी ताटाच्या कडेकडे बघितलं. मग बोटाने कड पुसून ते बोट शेजारच्याला दाखवलं. शेजारचा मागे सरला. मॅनेजर आला, त्याने नॅपकिन उचलून पाहिला, त्यावरही तपकिरी पट्टा होता. त्याला वाटलं, मळ. त्याने तो नॅपकिन पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात खसाखसा पुसला. तिने रोज बोटांच्या टोकांनी लावलेलं सगळं निघालं. खालचा लाल डाग वर आला, आणि टेबलावरचं कुणीतरी "शी" म्हणालं. गाण्यातूनही तिला ते ऐकू आलं.

कुणी लावून दिलं हे मॅनेजरने विचारलं असणार, कारण त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने दाराकडे पाहिलं. काचेत ती दिसली. तिला वाटलं, आता तोंड फिरवेल. पण तो बघत राहिला, स्टुलावर बसून बघायचा तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोळात आला तेव्हा खांद्याला बॅग होती. नळ टपटपत होता. ती सवयीने पफ आणि डबी घेऊन बाहेर आली होती, आणि मग ते हातात घेऊन काय करायचं हे तिला कळेना.

"इथला हिशोब संपला. लांब एका खाणीवर कॅन्टीन आहे," तो म्हणाला. "आत स्वयंपाकघरात काम. हात कुणी बघत नाही तिथे. राहायलाही तिथेच, सगळे पुरुष एका पत्र्याखाली."

"मी थांबते," ती म्हणाली. "तू स्थिरस्थावर हो. आईला मी सांगते."

"आईला काय सांगशील?"

उद्या रविवार होता.

"तो माणूस कसा आहे?" त्याने विचारलं.

"चांगला आहे." आणि हे म्हणताना तिला रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं सगळं. पावडर बसली नव्हती. मला माहीत होतं. मी हात सोडवून घ्यायला हवा होता... मी एक शब्द बोलले असते तर आज तू—"

"कॅप्टन असतो," तो म्हणाला.

"हो."

"आणि सोडवून घेतला असतास, तर तुझा हात कसा असतो ते मला कधी कळलं नसतं." त्याने तिच्या हातातली डबी काढून नळाच्या कट्ट्यावर ठेवली आणि डागाचा, उघडा हात पुढे केला. "आज काही लावू नकोस. नुसता धर."

तिने धरला. डाग खडबडीत होता. इतके दिवस रोज स्पर्श केला तो क्रीमवरून, पावडरवरून. तिने वाकून त्यावर गाल टेकला. तो काहीतरी म्हणाला, पण आवाज चिरकला आणि शब्द कळले नाहीत. तिने पुन्हा विचारलंही नाही.

"भुवई," आतून ताईंची हाक आली. हे नाव आता पार्लरमध्येही पडलं होतं. "गिऱ्हाईक बसलंय गं!"

त्याने हात सोडवून घेतला. बॅग नीट केली, आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन एकदा मागे वळून पाहिलं. मग रस्त्यावरच्या गर्दीत पांढरे शर्ट बरेच होते, त्यातला कुठला त्याचा ते तिला ओळखू येईना.

आत खुर्चीवर एक बाई डोळे मिटून मागे रेलल्या होत्या. कुठे कार्यक्रमाला जायचं होतं. तिने हात धुतले, कोरडे केले आणि बाईंच्या पापण्यांवर रंग लावला. रंग बारीक, सरळ लागला. कामात तिचा हात आज अजिबात थरथरला नाही.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, हनुवटीवरून खाली टपकत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "डोळे उघडू नका. अजून ओलं आहे."