रजयांच्या चवडीतला आवाज

"आला! परत आला!" तेमिरच्या हातातलं खेळायचं मेंढीचं हाडूक खाली पडलं.

लोकरीच्या नमद्याच्या तंबूत तिघंच होती: बेगिमाय, तिचा चुलतभाऊ तेमिर आणि धाकटी बहीण आयपेरी. मोठी माणसं घोडींच्या धारा काढायला गेली होती. कुरणावर धुकं उतरत होतं, आणि कोपऱ्यातल्या रजयांच्या चवडीतून एने बोलत होती. एने म्हणजे त्यांची आजी. ती वसंतातच वारली होती.

"बस झालं गं बाई. डोळे दमले. चल, ये माझ्याकडे." मग बारीक शिट्टी, मग खोकला. मग सगळं शांत.

कालही दिवेलागणीला हेच झालं होतं, आणि परवाही.

"एने बोलावतेय," आयपेरी पुटपुटली.

"अतांना पुन्हा सांगूया?" बेगिमायनं विचारलं. अता म्हणजे तिचे वडील, तेमिरचे काका.

तेमिरनं काकांसारखा घोगरा आवाज काढला. "फोन काढून घेतले, म्हणून भुतं सुचतात तुम्हाला!"

अतांनी कुरणावर आल्याबरोबर सगळ्यांचे फोन पेटीत कुलपात ठेवले होते. "माझासुद्धा!" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. पेटीवर रजयांची चवड होती आणि सर्वांत वर एनेच्या रजया. ती जाऊन वर्ष झाल्याचं जेवण होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं आईनं बजावलं होतं.

"फोनच वाजत असेल," बेगिमाय म्हणाली.

"पेटीतले? ते कधीच मेले असतील!"

बेगिमायचं डोकं मात्र चालू होतं. "खोकल्याआधी शिट्टी ऐकलीस?"

"भुताची?"

"किटलीची! शहरातल्या घरची. इथे तर चहाला समोवार आहे, तो शिट्टी मारत नाही. आणि खोकला रोज हुबेहूब तोच. असं कुणी खोकतं का?"

"भूत खोकत असेल!"

तिनं सतरंजीची कड उचलली. सोलर पॅनेलची एक वायर दिव्याकडे गेली होती. दुसरी गुपचूप चवडीत शिरली होती!

"बघ! आयपेरी, तूही..."

आयपेरी नव्हती. दाराचा पडदा हलत होता.

दोघं बाहेर धावली. दोन हातांपलीकडे काही दिसेना. वितळलेल्या बर्फानं ओढा फुगून गरजत होता. एनेची कबर त्याच्या पलीकडे होती.

"आयपेरी! आयपेरी!"

फक्त ओढ्याचा आवाज.

"आपल्या हाकेला ती येणार नाही," बेगिमाय म्हणाली. "ती एनेकडे निघालीय."

ती उलट पावली तंबूत पळाली. "रागावू नकोस, एने," असं म्हणत तिनं रजयांत हात खुपसला. आत काहीतरी कोमट लागलं. अतांचा फोन! पडद्यावर अक्षरं होती: 'आयपेरीची वेळ संपली.' खाली 'पुन्हा ऐका'.

ओढ्याकाठी तिनं फोन उंच धरला.

"बस झालं गं बाई. डोळे दमले. चल, ये माझ्याकडे."

मेलेल्या माणसाचा आवाज धुक्यात पसरत गेला. बेगिमायनं तो पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा.

धुक्यात लाल टोपी दिसली. आयपेरीचा एक बूट चिंब भिजला होता. "एने, मी पाण्यात उतरत होते. मग तू मागून हाक मारलीस," ती त्या आवाजाला म्हणाली.

बेगिमायनं तिला घट्ट मिठी मारली.

हाका ऐकून आई-अता धापा टाकत आले. अतांची नजर फोनवर गेली. "हा... इथे कसा?"

"भुताला चार्जिंग लागतं, काका, हे मला माहीतच नव्हतं!" तेमिर म्हणाला.

अतांचे कान लाल झाले. पहाटे टेकडीवर नेटवर्क मिळे, तिथे ते घोड्यांवरच्या खेळाचे सामने बघत. हिवाळ्यात आयपेरीची कार्टूनची वेळ संपली की वाजणारा गजर त्यांनीच फोनवर तयार करून ठेवला होता. ती फक्त एनेचं ऐकायची, म्हणून आवाजही एनेचाच भरला होता. तो वापरायच्या आतच एने गेली आणि ते विसरून गेले; इथे पहाटे बोट लागून तो सुरू झाला असावा.

"आणि लपवलात तो एनेच्या रजयांत!" आई कडाडली. मग तिनं बेगिमायला जवळ घेतलं. "तू हात लावलास ते बरं केलंस, बाळा."

"तुम्ही सांगत होता आणि मी हसत होतो," अता म्हणाले. "शाबास, दोघांनाही! मी तुमच्यासारखे कान दिले असते तर..." त्यांनी फोन बंद करून पेटीत ठेवला आणि किल्ली बेगिमायच्या हातात दिली. "आवाज पुसून टाकू का?" असं मात्र कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे तंबूत होते. बोलता बोलता एकेकाचे कान पेटीकडे लागले. पेटी गप्पच राहिली. अता तिच्याकडे एकटक बघत बसले होते.

"बस झालं, अता," आयपेरी म्हणाली. "डोळे दमले."

आणि हुबेहूब एनेसारखी खोकली.