रिस्पाची राखण

उत्तर कोकणातला फिरंग्यांचा अंमल मोडकळीस आला होता, त्या वर्षांतली ही हकिकत. खारवडीच्या कोटावर फाल्गुनातली पहाट उजाडत होती. खाडीची भरती तटाच्या पायथ्याला येऊन टेकली होती. खंदकापलीकडे दोन महिने ठाण मांडून बसलेल्या मराठी फौजेच्या मोर्च्यांतून चुलींचा निळसर धूर वर चढत होता. तटावरचे पहारे बदलत होते. आणि या साऱ्या हालचालीपासून दूर, खाडीच्या तोंडावरच्या ज्या बुरुजाकडे पहारेकरीही नाकाला फडके लावल्याखेरीज फिरकत नसत, त्या बुरुजावर एक बाई हातात बांबूची काठी घेऊन एकटीच बसली होती. तिच्या डोक्यावर आडव्या तुळईला दोन प्रेते टांगलेली होती. ती तिच्या मुलांची होती, आणि आज एकोणिसावा दिवस होता.

तिचे नाव कातरीन. नवरा तांडेल होता, तो मचव्यासकट समुद्रात गेला, त्याला बारा वर्षे झाली. मागे राहिले बाल्तू आणि सिमांव. दोघेही कोटाच्या दारूखान्यात पिंपे वाहायचे काम करीत. वेढा पडल्यावर तिथली तोफांची दारू आतून कोणीतरी भिजवू लागले. किल्लेदार दों दुआर्त हा करारी शिपाई, पण वीस वर्षे या मुलखात काढूनही मराठीचा एक शब्द न शिकलेला. त्याचा दुभाषी लोपो याने या दोघा भावांकडे बोट दाखविले. चौकशी झाली ती अर्ध्या घटकेची. कातरीन दाराशी उभी होती. बाल्तूने गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवून सांगितले, "आमचा यात हात नाही. आम्हांला फक्त पिंपे उचलायला लावतात." लोपोने ते फिरंगी भाषेत सांगितले, आणि किल्लेदाराचा चेहरा काळवंडला. इतक्या साध्या बोलण्याने साहेबाची मुद्रा अशी का फिरावी, हे तिला त्या वेळी उमगले नाही.

दोघांना फाशी झाली. वेढा उठेतो प्रेते उतरवू नयेत, जो कोणी माती देईल तोही त्याच तुळईला टांगला जाईल, असा हुकूम झाला. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. कातरीन एक चटई आणि घोंगडी घेऊन बुरुजावर चढली. माती देऊ नये असा हुकूम होता. बसू नये असा नव्हता.

उपासाच्या दिवसांत म्हातारे पाद्री गास्पार देवळाच्या ओसरीवर बायकांना पवित्र शास्त्रातल्या कथा मराठीतून सांगत. तिथे तिने रिस्पाची कथा ऐकली होती. राजांच्या जुन्या वैरापायी रिस्पाचे दोन मुलगे फासावर गेले. तिने खडकावर गोणपाट अंथरले, आणि दिवसा पाखरांना व रात्री श्वापदांना प्रेतांजवळ येऊ दिले नाही. कातरीनने तेव्हा विचारले होते, "आणि मग तिने काय केले, पाद्रीबाबा?"

"बसून राहिली," पाद्री म्हणाले होते. "तेवढेच तिच्या हाती होते. पण तिचे ते बसणे राजाच्या कानी गेले, आणि राजाला लाज वाटून त्याने त्यांना मूठमाती दिली."

आता ती स्वतः बसली होती. दिवसा घारी आणि कावळे, अंधार पडला की तटाच्या भगदाडातून येणारी कोल्ही. काठी आपटून आपटून तिच्या तळहाताची साल गेली. खाली विहिरीवर वस्तीतल्या बायका पाण्याला येत. पदर पुढे ओढून, वर न बघता घागरी भरून जात. पाद्रीबाबा रोज पेजेचे मडके पायरीवर ठेवीत, पण वर चढत नसत. पहिले काही दिवस ती मुलांशी बोलत असे: आज वारा दक्षिणेचा आहे, आज गलबत दिसले नाही. मग तेही बोलणे आटले. प्रार्थनेचे शब्द तेवढे तोंडात राहिले, आणि ते कोणी ऐकते आहे की नाही, याची खात्री तिला कित्येकदा वाटेनाशी झाली. तरी ती म्हणत राहिली. दुसरे कोणी बोलायला नव्हते.

तेराव्या दिवशी, दिवेलागणीला, लोपो बुरुजावर आला. नाकाशी रुमाल धरून त्याने एकवार तिच्याकडे पाहिले.

"म्हातारे, अजून आहेस होय?" एवढे बोलून तो तटाच्या कडेला गेला. कमरेची दोरी सोडून तिच्या टोकाला एक पुडके बांधले आणि खाली सोडले. खाली अंधुक पाण्यात मराठी मोर्च्यांकडून आलेली एक होडी उभी होती. दोरी रिकामी वर आली, ती गुंडाळून तो निघून गेला. पंधराव्या दिवशी पुन्हा आला, सतराव्या दिवशी पुन्हा. तिला त्याने लपविले नाही. वेड्या बाईची साक्ष कोण धरतो, आणि धरली तरी ती साहेबापर्यंत जाणार कोणाच्या तोंडून?

तेव्हा तिला त्या चौकशीच्या दिवशीचा साहेबाचा चेहरा उमगला. बाल्तूचे शब्द या माणसाच्या तोंडातून गेले होते. जाता जाता त्यांचे काय झाले, हे तिला आता कोणी सांगायची गरज नव्हती.

तरीही ती गप्प राहिली. फितुरीने कोट पडला तर दों दुआर्त मरेल, ज्याने तिची पोरे टांगली तो मरेल. या विचाराची ऊब तिने सहा दिवस उराशी धरली. पण एकोणिसाव्या पहाटे विहिरीवर रहाट कुरकुरू लागला, कुणाचे तरी तान्हे रडले, आणि तिला कळून चुकले की चोरवाटेने आत शिरलेली फौज अंधारात माणसे निवडत नाही. जिवाच्या अभयाचा कौल घेऊन कोट खाली झाला तर ही माणसे जगतील. फितुरीने गेला तर तलवारीखाली जातील.

तो रविवार होता. तिने घोंगडी फाडून तिची पटकुरे प्रेतांवर बांधली आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा बुरूज उतरली. मागे घारींचा आवाज झाला. तिने मागे पाहिले नाही.

किल्लेदार दुभाष्याला मागे ठेवून जाई अशी एकच जागा कोटात होती, देवळामागची कुमसाराची खोली, जिथे माणूस आपली पापे पाद्रीला सांगतो. कातरीन तिथे आधीच जाऊन उभी राहिली. पाद्री गास्पार तिला पाहून दचकले.

"बाई, इथे येणे मना आहे. साहेब येतील."

"त्यांच्यासाठीच आले. मी बोलते, ते जसेच्या तसे तुम्ही त्यांना सांगा."

तिने लोपोची हकिकत सांगितली. म्हातारा भिंतीला टेकला. "मी जन्मभर कथा सांगितल्या, कातरीन. माझ्यात तेवढे बळ नाही."

"माझ्यात कुठे आहे, पाद्रीबाबा? पण दुसरे कोण सांगणार?"

दों दुआर्त आत आला. खोलीत बाई पाहताच त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. पाद्री मध्ये उभे राहिले. ते वाक्यामागून वाक्य सांगत गेले. दुभाष्याचे नाव येताच किल्लेदार काहीतरी कडाडला.

"साहेब पुरावा मागतात," पाद्री म्हणाले.

"साहेबांना विचारा, माझी पोरे टांगल्यावर दारू भिजायची थांबली का?"

किल्लेदाराचा हात मुठीवरून सुटला. गेल्या आठवड्यात आणखी दोन पिंपे भिजली होती, आणि ती गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्या सांगाड्यासारख्या बाईकडे पाहून त्याने हळूच विचारले, आणि पाद्रीने मराठीत सांगितले, "तुझे बोलणे खोटे ठरले तर?"

"तुळईवर अजून जागा आहे," कातरीन म्हणाली. "पण आज त्याच्या येण्याचा दिवस आहे. साहेबांनी आजची सांज माझ्या जागी बसावे."

त्या सांजेला खारवडीचा किल्लेदार, टोपी आणि तलवार काढून, बाईची उरलेली घोंगडी डोक्यावरून घेऊन, आपणच टांगलेल्या दोन पोरांखाली चटईवर बसला. बुरुजाच्या पडक्या भिंतीआड पाद्री आणि कातरीन उभे होते. एक घार येऊन तुळईवर बसली. किल्लेदाराने मान खाली घातली. घार आणखी खाली उतरली, तेव्हा त्याने चाचपून काठी उचलली आणि तिला हाकलले. ती पुन्हा आली, त्याने पुन्हा हाकलले. तीनदा, चारदा. कातरीनला त्याचा चेहरा दिसत नव्हता. काठी धरलेला हात मात्र दिसत होता, आणि ती काठी त्याने खाली ठेवली नाही.

लोपो आला. चटईकडे न पाहताच त्याने दोरी सोडली, पुडके बांधले आणि कठड्यावरून वाकला. मागे घोंगडी गळून पडल्याचा आवाज झाला. तो वळला, आणि त्याच्या तोंडून "साहेब" एवढा एकच शब्द निघाला. पुडक्यात चोरदिंडीच्या, तटातल्या गुप्त दाराच्या, किल्लीचा मेणावर घेतलेला ठसा होता.

त्याच सांजेला प्रेते खाली उतरली. बाल्तूच्या खांद्याला कातरीनने हात लावला, पायांना किल्लेदाराने. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते. देवळाच्या अंगणात दोन खड्डे खणले गेले, पाद्रींनी प्रार्थना म्हटली. माती लोटून झाल्यावर किल्लेदाराने पाद्रींच्या तोंडून विचारविले की, या बाईला काय हवे?

"पोरांना माती मिळाली. आता वस्तीसाठी कौल घ्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि दुभाष्याला टांगाल तेव्हा सांज व्हायच्या आत उतरवा. त्याचीही कुणी असेल."

लोपोला दुसऱ्या दिवशी फाशी झाली आणि सांजेच्या आत माती मिळाली. दों दुआर्तने आणखी नऊ दिवस कोट लढवला. मग दाणा संपला, तेव्हा मराठ्यांचे सरदार हैबतराव दरेकर यांच्याकडे वकील धाडून रयतेच्या जिवाचा, घरादाराचा आणि धर्माचा कौल घेतला, आणि निशाण उतरविले. गोव्याला निघालेल्या गलबतावर त्याने कातरीनसाठी जागा राखून ठेवली होती. तिने निरोप पाठविला की तिची माणसे इथेच आहेत. गलबत खाडीबाहेर पडेतो किल्लेदार डोलकाठीशी उघड्या डोक्याने उभा होता, असे पाहणारे सांगतात.

कोटावर नवे पहारे बसले. वस्तीतली दारे उघडली, पण कातरीनकडे कोणी येईना. तिची भीती नव्हे, स्वतःची लाज वाटे. ती रोज देवळाच्या अंगणातल्या दोन ढिगाऱ्यांशी जाऊन बसे. झोपेतही पाखरे हाकायला तिचा हात उचलला जाई.

चैत्रात एका दुपारी शेजारीण रेजीन अंगणाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "कातरीनबाय, मी रोज विहिरीवर यायची. तू दिसायचीस. पण वर यायचा धीर झाला नाही. आम्ही सगळ्या भ्यालो."

कातरीनने मान वर केली. इतक्या दिवसांत स्वतःहून बोलायला आलेले हे पहिलेच माणूस होते, आणि उत्तर देताना तिला आपला आवाज ओळखू येईना.

"भ्याले तर मीही होते," ती म्हणाली. "उन्हात नको उभी राहूस. ये, बस."