खिशातला फ्यूज

"दादा, नळाला करंट येतोय," असं बहीण फोनवर म्हणाली, तेव्हा वायरमनला काळजीपेक्षा रागच आला. त्या घराचं वायरिंग त्याने स्वतः केलं होतं.

"बाबांना आंघोळ घालताना बसतो," तिने दारातच सुरुवात केली. "काल हात पार कोपरापर्यंत बधिर झाला. आता बाथरूममध्ये पाय टाकायचीच भीती वाटते."

त्याने नळ पाहिला, पाइप पाहिला, गिझर उघडला. टेस्टरचं टोक सगळीकडे टेकवलं, अंगठा मागच्या टोपीवर धरला. आतला लाल दिवा कुठेच लागेना. अर्थिंग ठणठणीत होतं. तरी त्याने मेन स्विच पाडला आणि फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला. ही बाबांचीच शिकवण. फ्यूज आपल्या खिशात असला की मागून कुणी शहाणा वीज चालू करू शकत नाही.

बाबा लाकडी खुर्चीत बसून बघत होते. उभा जन्म तारांमध्ये काढलेला माणूस आता आधाराशिवाय उठत नव्हता. पायांत जाड रबरी चपला होत्या.

"झोपतानाही काढत नाहीत," बहीण हसली. "आंघोळीला मीच ओढून काढते. लहान मुलासारखे भांडतात."

"आज आंघोळ नको," बाबा म्हणाले.

"बघ, झालं सुरू!"

"आता घरात वीज औषधालाही नाही," वायरमनने खिशावर थाप मारली. "पाणी तापलेलंच आहे. बिनधास्त उरकून घे."

तिचा चेहरा सैल झाला. ती बादली भरायला आत गेली.

टेस्टर बाबांजवळच्या टेबलावर राहिला होता. "बाबा, तेवढा द्या जरा."

बाबा जरा थांबले. मग त्यांनी तो दिला, त्याला लहानपणी शिकवलं होतं तसाच. टोक स्वतःच्या मुठीत, दांडा समोरच्याकडे. वायरमनचा अंगठा सवयीने टोपीवर पडला.

दिवा लागला.

बाबांनी मूठ सोडली. दिवा विझला.

"तिला सांग," बाबा हळू आवाजात म्हणाले. "माझं ऐकत नाही ती."

माणसात कुठे वीज असते? टेस्टरच बिघडला असणार. नाहीतर वीज दुसरीकडून कुठूनतरी येत असणार. तो जिना उतरून मीटरपाशी धावला. मीटरचा स्विचही त्याने पाडला. मीटरची चकती जागच्या जागी थांबलेली होती.

तो वर आला. खुर्ची रिकामी होती.

बाथरूमचं दार लोटलेलं होतं. बाहेर रबरी चपला नीट जोडून ठेवल्या होत्या.

"थांब! हात लावू नकोस त्यांना!"

आत तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज आला.

त्याने खिसा चाचपला. फ्यूज तिथेच होता.

दारावरचा बल्ब लागला.