तिच्याशी कुणी बोलायचं नाही

नांदेडच्या मैदानावर आठवा डाव संपला. पिचर शर्वरी बाविस्कर बाकावर येऊन टेकली, तशा बाकीच्या पोरी लांब सरकल्या. भांडण वगैरे काही नव्हतं. एकालाही पहिल्या बेसवर पोचू न देता सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद केले, तर तो परफेक्ट गेम; आणि तो जमत आला की चेंडू टाकणाऱ्या पिचरशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, असा बेसबॉलमधला रिवाज. जळगावच्या या संघात तो शर्वरीच्या वडिलांनीच, संघाला शिकवणाऱ्या अण्णा सरांनी, रुजवला होता. "त्या पिना पाडायच्या बोलिंगच्या खेळात बारा वेळा सगळ्या पाडल्या की झाला परफेक्ट गेम, सगळं एकट्याच्या हातात. इथं मागच्या आठजणींतली एक चुकली तरी गेलंच!" असं ते ओरडून सांगत, तेव्हा त्यांना वाचा होती.

पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. परवाच दवाखान्यात त्यांच्या डोक्याला ‘मनोवाणी’ बसवली होती. मेंदूतले तुटक संकेत हे यंत्र टिपतं, गाळलेल्या जागा माणसाच्या जुन्या ध्वनिफितींवरून भरतं आणि त्याच्याच आवाजात वाक्य बोलतं. अण्णा मात्र अजून बोलले नव्हते.

कॅचर तेजलचा फोन वाजला. पलीकडे अण्णांच्या उशाशी, फोन स्पीकरवर ठेवून, शर्वरीचा भाऊ हर्षल रडत होता.

"अण्णा बोलले गं! ‘शर्वरी’ म्हणाले! दे तिला लवकर. ते एकदम खालावलेत, डॉक्टर म्हणतात वेळ नाही."

"दादा, अरे... तिचा परफेक्ट गेम चाललाय. एकच डाव राहिलाय."

तेवढ्यात फोनमधून अण्णांचा खणखणीत आवाज आला. "मग तिच्याशी कुणी बोलायचं नाही!"

हर्षलनंही मग आग्रह सोडला. सरांचा शब्द मोडायची तेजलची काय बिशाद? तिनं फोन ठेवला.

सत्ताविसावी बॅटर बाद झाली. पोरींनी शर्वरीला खांद्यावर घेऊन नाचवलं. तोवर हर्षलचा दुसरा फोन येऊन गेला होता. तेजलनं तिला खाली उतरवलं, मिठी मारली आणि सगळं सांगून टाकलं. "अगं, एकदा ऐकवायचं होतंस गं मला," शर्वरी एवढंच म्हणत राहिली.

दिवसकार्य उरकल्यावर ती दवाखान्यात गेली. मनोवाणीवाल्या डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं, "त्या वाक्यातलं अण्णांचं स्वतःचं किती होतं?"

बाई म्हणाल्या, "संकेत फार क्षीण होते. दोनच गोष्टी नक्की कळल्या. तुम्ही, आणि बोलणं. बाकीचं यंत्रानं भरलं. ते वाक्य त्यांच्या ध्वनिफितींत शेकडो वेळा होतं ना."

शर्वरीला रडूही येईना.

"म्हणजे अण्णा नको म्हणत होते," तिनं विचारलं, "की मला बोलवत होते?"