मनकडं

तुरुंगाच्या भेटखोलीत काचेपलीकडे मौजी बसला होता, पण सोमतीची नजर भावाच्या तोंडाआधी त्याच्या मनगटावर गेली. मनकड्याचा दिवा लालच.

मनकडं म्हणजे एक रबरी पट्टा. नाडी मोजतो, झोप मोजतो, बोलणं ऐकतो आणि माणूस आतून किती मोडलाय ते सांगतो. आदिवासी कैदी कोठडीत जिवाचं बरंवाईट करून घ्यायला लागले, म्हणून आणलेला. त्याला कोरकू भाषासुद्धा शिकवलेली, शब्द न् शब्द कळायचा. दिवा हिरवा झाला तरच जामीन. लाल असला की गोळ्या आणि एकट्याची कोठडी. एकटं कोंडून माणूस बरा होतो, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं कोण जाणे!

मौजीनं केलं काय होतं? एक साग तोडला. माय गेली, तिच्या नावाचा खांब कोरायचा होता. तो खांब उभा राहीपर्यंत कोरकूंचं मेलेलं माणूस पूर्वजांत जाऊन बसत नाही, आपल्याच माणसांभोवती फिरत राहतं. खांब अर्धा झाला आणि जंगलखात्याची गाडी आली.

"रोज आईशी बोलतो तो," समुपदेशक वैदेही मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हती, सोमतीला आपल्या डब्यातली पोळी द्यायची. "तुमच्या घरी आणखी कुणी असं बोलतं का?"

सोमतीला वाटलं, चला, एकदाचं कुणीतरी विचारलं.

"बोलतो ना! समदेच. मी तं आज निंगतानाई तिले सांगून आली."

मनकड्याला जोडलेल्या टेबलावरच्या यंत्रानं ते ऐकलं. पडद्यावर अक्षरं उमटली : आजार घराण्यातला. घरी सोडणं धोक्याचं. मुक्काम आणखी नव्वद दिवस.

"पुसा ते!"

"मला नाही गं पुसता येत."

"मंग तुमी इथं कायले बसल्या?"

मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यानं बोलणं थांबवलं, तर आठवड्यात हिरवा होईल. मग हे नव्वद दिवसही आपोआप रद्द."

सोमती काचेशी गेली. "मौजी, मायसंग बोलू नोको आता."

तो हसला. "येडी झाली का? इथंच तं हाय ते. गोळ्या खाताना मी तोंड वाकडं करतो, तं हासते मले." मग गंभीर झाला. "मी नाही बोललो, तं तिले कोन सांगन, खांब काऊन अर्धा रायला ते?"

"मी सांगीन. तू गप राह्य. तुले माह्यी शपथ हाय."

तो बराच वेळ बाजूच्या रिकाम्या बाकड्याकडं बघत बसला. मग शेंबडा पोरगा आईला दूर ढकलतो तसं त्यानं तोंड फिरवलं.

आठव्या दिवशी दिवा हिरवा झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, बिचारीला वाटलं पोरगा वाचला.

मौजीचा फाटकाबाहेर पाय पडला तशी सोमती न राहवून ओरडली, "माय, पाह्य! आला तुवा पोरगा!"

मौजी थांबला. ती बघत होती तिकडं त्यानंही बघितलं, नीट, शोधून. त्याच्या आवाजात मनकड्याची भीती असती तरी सोमतीला चाललं असतं. पण तिथं कोण आहे, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

"सोमती, कोन हाय तिथं?"